ओळंबा आणि ओल आलेली भिंत

मित्रांनो, मी एक जुना ओळंबा आहे. पितळेचा, बसका, आणि सध्या भयंकर चिडलेला. तिरक्याला तिरकं म्हणणं एवढंच मला येतं, त्यामुळे गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

स्पेनमधल्या ला मांचा प्रांतातल्या एका गवंड्यानं भिंती सरळ याव्यात म्हणून मला ओतून घेतलं. तो गेल्यावर त्याच्या मुलीनं, एउलालियानं, मला स्वयंपाकघरात टांगलं. समोर मोरी आणि तिच्यावरची ओल आलेली भिंत. माझ्या दोरीवरून नजर धरून ती त्यांचं चित्र काढायची. त्या काळी चित्रात राजे आणि संत लागायचे. मोरी कोण काढतो? शेजारचा हिलारियो दारातून विचारायचा, "काय गं, चित्र काढतेस की घर बांधतेस?"

"जे आहे ते मांडतेय. तू उजेडातून बाजूला हो."

भिंतीवर ऊन फक्त हिवाळ्यात यायचं, तेही सकाळचे दोन तास. अकरा हिवाळे तिनं तेच चित्र काढलं. उभं राहायची जागा चुकू नये म्हणून फरशीवर पावलांच्या खुणा केल्या होत्या. हळूहळू माद्रिदची पोरं शिकायला येऊ लागली. आज स्पेनच्या चित्रांत मोऱ्या, फुटक्या फरश्या, सुकलेली फळं मानानं मिरवतात, ते तिच्यामुळे. ही फुशारकी नाही, मी तिथंच लटकत होतो.

ती गेली तेव्हा चित्रातल्या ओलीच्या डागाचा एक कोपरा राहिला होता. तो पुरा करायचं वचन तिची शिष्या कासिल्दा हिनं दिलं होतं. पण हिवाळ्याआधी गावची जत्रा आली. जत्रेआधी आमच्याकडे घरोघर चुना लागतो. न लावणारा आळशी ठरतो. हिलारियोनं एउलालियाच्या सन्मानासाठी त्या भिंतीला चुन्याचे तीन हात दिले आणि फरशीवरच्या खुणा घासून काढल्या. मला त्याच्या बायकोनं लसूण ठेचायला नेलं. सन्मान म्हणे!

कासिल्दा आली आणि दारातच थिजली. "काका, भिंत कुठंय?"

"ही काय, दुधासारखी. डाग ठेवला असता तर तिची अब्रू गेली असती."

"अकरा वर्षं ती त्या डागाकडे बघत होती."

"तेच तर. मला वाटलं, तो तिला खुपतोय."

चाळीस वर्षांचा शेजार, मित्रांनो, आणि ही समज.

कासिल्दानं मला परत आणून, धुऊन पुन्हा टांगलं. कोणीतरी म्हणालं, भिंतीच्या जुन्या फोटोवरून कोपरा पुरा करा. तिनं ऐकलं नाही. सारा हिवाळा ती त्या पांढऱ्या भिंतीसमोर उभी राहिली. चित्र झाल्यावर हिलारियो बघायला आला. चित्रातला डाग खाली उतरत आला होता आणि कोपऱ्यापाशी कापल्यासारखा थांबला होता.

"इथं हे पांढरं काय?" त्यानं विचारलं.

"तुमचा चुना, काका. जे आहे ते मांडलंय."

त्यानं टोपी काढली. मला त्याची दया आली नाही.

तेव्हा मित्रांनो, कोणाचं काही पुसायला जाल, तर आधी तो माणूस उभा असायचा तिथं जाऊन उभे राहा. मला अजून लसणाचा वास येतो.