गोवर्धनच्या हातचं जाळं

गुडघाभर पाण्यात उभ्या रुख्माने जाळ्याची गाठ चिमटीत धरली आणि पुन्हा पुन्हा चाचपली. ही गाठ दुसऱ्या कोणाची नव्हेच. तिच्या नवऱ्याची, गोवर्धनची! त्याला जाऊन सहा वर्षं झाली. त्याने विणलेलं एवढं एकच जाळं घरात उरलं होतं, आणि तेही तिने परवा भासऱ्याला, म्हणजे थोरल्या दिराला, केवळरामला, नाल्यात लावायला म्हणून दिलं होतं. ते इथे, तलावाच्या मासेमारीला बंद असलेल्या कोपऱ्यात!

या कोपऱ्यात बायांनीच चिखलात उतरून पाणगवत लावलं होतं, मासोळीने अंडी घालावी म्हणून. पूर्वी नियम सरकार करायचं आणि मासेमार ढिवर मोडायचे. दोन वर्षांपासून मत्स्य विभागाने ढिवरांच्या संस्थेला बरोबरीला घेतलं होतं. नियम दोघांनी मिळून करायचे, राखण संस्थेने करायची. जमलं तर ठीक, नाहीतर पुन्हा बाहेरचा ठेकेदार. आजची राखण रुख्माची होती.

जाळ्यात एक दाडक मासोळी अडकली होती, गाभोळीने पोट तटतटलेली. रुख्माने तिला हळूच सोडवलं. "जा माय, जा."

मग तिने जाळं गुंडाळलं आणि पदराखाली घेतलं. पाहायला कुत्रंही नव्हतं. घर गाठलं की झालं! पण तलावाच्या पाळीवर, बांधावर चढता चढता तिला मुन्नालाल आठवला. मागच्या साली त्याचं जाळं तिनेच पकडून दिलं होतं. ते कापलं तेव्हा त्याची बायको ओक्साबोक्शी रडली होती आणि रुख्मा म्हणाली होती, "नियम म्हंजे नियम, बाई." आता कोणत्या तोंडाने घरी जाणार? ती तिथेच लोक येईपर्यंत बसून राहिली.

संस्था जमली. विभागाचे साहेबही आले. केवळराम मान खाली घालून उभा होता.

"मीच लावलो," तो म्हणाला. "माह्या पोरीले, डिंपलले पाहाले आमगावचे पावणे येऊन रायले. ढिवराच्या घरी पावणे अन् ताटात मासोळी नाई? तीन बोटाचं जाळं हाय, बारकी मासोळी त्यात सापडत नाई."

"बारकी नाई, पन पोटुशी सापडते," रुख्मा पदराआडून, पाण्याकडे पाहत बोलली. रीतीप्रमाणे भासऱ्याशी ती वीस वर्षांत समोरासमोर बोलली नव्हती.

मुन्नालाल पुढे आला. सगळ्यांना वाटलं, आता हा उट्टं काढणार. पण तो म्हणाला, "जाऊ द्या ना जी. मेलेल्या मानसाच्या हातचं हाय. कायले कापता?"

साहेब म्हणाले, "नियम तुमचाही आहे. तुम्हीच ठरवा."

आणि हा नियम तरी कोणी सुचवलेला? दोन वर्षांपूर्वी भर सभेत केवळरामच गरजला होता, "दंड नोको, जाळं कापा! पैसा ढिवर भुलते, जाळं भुलत नाई." आणि कापायचं कोणी? ज्याची राखण, त्याने.

रुख्माने विळा उचलला. पण सैल जाळं कापलं जात नाही, विळ्याखाली नुसतं सरकतं. दुसरं टोक कोणीतरी ताणून धरावं लागतं. ती जाळं हातात घेऊन उभी राहिली. एकही माणूस हलला नाही.

शेवटी केवळराम आला. त्याने दुसरं टोक धरलं आणि मागे सरत ताणलं. गोवर्धन हे जाळं विणायचा तेव्हाही टोक धरून हाच बसायचा.

"काप, रुख्मा."

"भाऊजी..." तिचा पदर सरला. तिने पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे सरळ पाहिलं. म्हातारा रडत होता.

"काप म्हनतो ना! हात भरून येऊन रायला माहा."

तिने विळा चालवला. धागे तुटले. गाठ मात्र एकही सुटली नाही.

त्या दिवशी केवळरामकडे पाहुण्यांना वरण-भात वाढला. रुख्मा घरी आली, जाळ्याच्या रिकाम्या खुंटीवर तिने ओलं लुगडं टाकलं. त्या खुंटीवर जाळ्याशिवाय कधी काही टांगलं नव्हतं. मग ते काढून बाहेर दोरीवर वाळत घातलं.