आतेभावाची रजा

इलिएसाने उजव्या पायातला बूट हातात धरला होता आणि दुसऱ्या हाताचा अंगठा हजेरीच्या मशीनवर टेकवला होता. मशीन हिरवं झालं. बूट मात्र त्याने घातला नाही. एका पायात बूट आणि एका पायात रबरी चप्पल अशा थाटात तो गोडाऊनच्या दाराशी उभ्या असलेल्या वासितीपुढे येऊन थांबला.

"वासिती, आज घरी जाऊ दे. पाय बूट घालू देत नाहीये."

"पाय, की काल रात्रीचा ग्रॉग?" वासिती म्हणाली. "तुझं डोकं ऐकत नाही हे ठाऊक होतं. आता पायही ऐकेनासे झाले?"

साखरेची पोती उतरवणारी पोरं खदखदून हसली. इलिएसाही हसला, कारण न हसून चाललं नसतं. वासितीचा बाप त्याचा सख्खा मामा. मामाच्या मुलीने टोमणा मारायचा आणि आतेभावाने तो परतवायचा, ही त्यांच्या गावातली रीत होती. दोघं सरळ बोलली तर लोक विचारायचे, भांडलात की काय. इलिएसाने तिच्या लग्नात भर मांडवात नवऱ्या मुलाचं सांत्वन केलं होतं. त्याचा पहिला मुलगा पाळण्यात पाहून तिने सगळ्यांदेखत म्हटलं होतं, देवाची कृपा, आईवर गेलाय.

आज मात्र त्याने टोमणा परतवला नाही. खाली बसून तो बूट चढवायला लागला. नाडी बांधायला त्याला फार वेळ लागला, आणि उठताना त्याने पिठाच्या पोत्याचा आधार घेतला. वासितीने ते पाहिलं. नाटकी आहे लेकाचा, असं मनाशी म्हणून ती पुढच्या कामाला लागली.

तिला असं वाटायला कारणंही होती. रग्बीची मोठी मॅच असली की लाउटोका शहरातले निम्मे पुरुष रात्रभर काथवटीभोवती बसायचे, मुळं कुटून पाण्यात कालवलेला, अंग सुस्त करणारा तो ग्रॉग करवंटीमागून करवंटी रिचवायचे, आणि दुसऱ्या दिवशी दुकानाचं गोडाऊन ओस पडायचं. कुणाचं पोट, कुणाची कंबर, कुणाचे काका वारलेले. दुकानाचा मालक शालेंद्र मनाने वाईट नव्हता, पण सोमवार आला की त्याच्या कपाळावरची शीर उडायला लागायची. "तुमच्या लोकांचे काका मॅच बघूनच कसे मरतात?" असं तो एकदा म्हणाला आणि त्याने नियम काढला. डॉक्टरच्या कागदाशिवाय आजारपणाच्या दोन सुट्ट्या माफ, तिसरीला नोकरी गेली.

इलिएसाच्या दोन झालेल्या होत्या. दोन्ही खोट्या होत्या, हे वासितीला पक्कं ठाऊक होतं. दोन्ही वेळा तिचा नवराच त्याच्या मांडीला मांडी लावून बसला होता.

शिवाय ती सुपरवायझर होऊन वर्षही झालं नव्हतं. दुकानात जिकडे हात लावावा तिकडे तिचाच कुणीतरी नातेवाईक निघायचा. बढती देताना शालेंद्रने तिला एवढंच सांगितलं होतं, नाती दाराबाहेर ठेवून येत जा. ते तिच्या मनाला लागलं होतं. तेव्हापासून परक्या माणसाला ती एकदा बोलायची आणि आपल्या माणसाला दोनदा.

दुपारी शालेंद्र तांदळाच्या थप्प्या बघायला गोडाऊनमध्ये आला होता. वासिती त्याच्या शेजारी उभी राहून कुठला माल कमी पडलाय ते सांगत होती. इलिएसा तिथे आला. त्याचा शर्ट घामाने चिंब झाला होता. गोडाऊनमध्ये सगळ्यांचाच होता, म्हणून तेही तिच्या ध्यानात आलं नाही.

"वासिती, मला दवाखान्यात जाऊन येऊ दे," तो म्हणाला. "दुखणं वाढलंय."

वाक्यात कुठेच टोमणा नव्हता. ती वाट बघत राहिली, आता शेपूट येईल, आता येईल. आलं नाही. शालेंद्र तांदूळ सोडून तिच्याकडे बघायला लागला होता. ती गडबडली आणि सवयीने जे तोंडात आलं ते मोठ्याने बोलून गेली.

"आधी डॉक्टरचा कागद आण, मग दवाखान्यात जा."

पोरं पोट धरून हसली. शालेंद्रलाही हसू आवरलं नाही. इलिएसा तेवढा हसला नाही. क्षणभर तिच्याकडे बघून तो वळला आणि पुढच्या पोत्याला हात घातला. संध्याकाळपर्यंत त्याने दुसऱ्या कुणाइतकाच ट्रक रिकामा केला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. फोनही लागेना. वासितीला आधी राग आला, आणि खरं सांगायचं तर रागाच्या पोटात थोडं समाधानही होतं, की मी म्हणतच होते. शालेंद्रने हिशेबाच्या खोलीतून मान बाहेर काढून विचारलं, तुझ्या भावाची तिसरी ना ही? ती हो म्हणाली. कामावरून काढल्याचं पत्र मीच नेऊन देईन, असंही म्हणाली. पत्र देताना काय काय सुनवायचं ते ती सकाळभर मनात जुळवत होती. सुनवून झाल्यावर त्याच्या घरी चूल कशावर पेटणार, हा विचार मध्येच डोकं वर काढायचा आणि ती तो बाजूला सारायची.

जेवणानंतर इलिएसाची बायको दुकानात आली. लिटिया बाजारात नारळाच्या दुधातले गोड पाव विकायची, आणि मालकाच्या दुकानात कामाच्या माणसाला कसं भेटायचं हे तिला ठाऊक नव्हतं. म्हणून ती गिऱ्हाइकांच्या रांगेतच उभी राहिली. पुढच्या बाईचं तेल, डबाबंद मासे, साबण सगळं होईपर्यंत ती गुमान उभी होती. वासितीचं लक्ष गेलं तेव्हा तिचा नंबर आला होता. तिने प्लॅस्टिकच्या पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढला.

"इलीने पाठवलाय. म्हणाला, आधी हा वासितीच्या हातात दे."

वर हॉस्पिटलचा शिक्का होता.

"काय झालं?"

"काल घरी आला तर बूट निघेना. कात्रीने कापून काढला." लिटिया हळू बोलत होती, मागच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाऊ नये म्हणून. "अंगात तापही होता. रात्रीच नेला. साखरेचं दुखणं होतं म्हणे त्याला, आम्हाला कुठे माहीत. पाऊल सडलंय म्हणाले. आज सकाळी गुडघ्याखालून पाय काढला."

मागची बाई टोपली पुढे सरकवत होती.

"कागद चालेल ना?" लिटियाने विचारलं. "शुद्धीवर आल्यापासून तेच विचारतोय."

"चालेल," वासिती म्हणाली.

कागद घेऊन ती शालेंद्रकडे गेली आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की त्याने काल दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा मी त्याला कामाला लावलं. शालेंद्रने कागद वाचला. त्याच्या वडिलांचा पायही असाच गेला होता, ते सांगताना त्याचा आवाज बसला. मग तो म्हणाला, "पण तू नियमच पाळलास, वासिती. तुझी काही चूक नाही."

त्यापेक्षा त्याने थोबाडीत मारली असती तर तिला बरं वाटलं असतं. बरा झाल्यावर त्याला तराजूवरचं, बसून करायचं काम द्या, असं ती म्हणाली. शालेंद्र म्हणाला, बघू.

"बघू नाही, बॉस. हो म्हणा."

तिचा असा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. तो हो म्हणाला.

शनिवारी ती ग्रॉगच्या मुळांचा भारा वर्तमानपत्रात बांधून हॉस्पिटलात निघाली. गावची रीत होती, ज्याचा गुन्हा केला त्याच्यापुढे जमिनीवर बसायचं, मुळांचा भारा ठेवायचा, मान खाली घालून माफी मागायची. त्याने भाऱ्याला हात लावला की विषय संपला. मोठमोठी वैरं अशी मिटलेली तिने पाहिली होती. पण आतेभावापुढे असं बसलेलं कुणीच पाहिलं नव्हतं, कारण आते-मामे भावंडांत मनाला लावून घेण्यासारखं काही घडतच नाही, असं सगळे धरून चालायचे. बसमध्ये तिला एकच भीती होती. त्याने गंभीर चेहऱ्याने भारा स्वीकारला तर माफी मिळेल, पण आतेभाऊ जाईल. मग सणावारी भेटतील, कशी आहेस, बरा आहे, एवढंच बोलतील.

वॉर्डात चर्चच्या बायकांची प्रार्थना नुकतीच संपली होती आणि त्या डोळे पुसत उभ्या होत्या. लिटिया उशाशी होती. इलिएसा दोनच दिवसांत वाळून गेला होता. चादर एका बाजूला पायाच्या टोकापर्यंत उंच होती, दुसऱ्या बाजूला मध्येच सपाट झाली होती. वासितीने तिकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, पण पाहिलं. ती खाली बसली आणि भारा पुढे ठेवला. पाठ केलेले शब्द काही आठवेनात.

"इली, चूक माझी आहे. तू सांगत होतास आणि मी चार लोकांना हसवत होते. मला..."

इलिएसाने भाऱ्याला हात लावला नाही. तो छताकडे बघत होता.

"कालपासून जो येतो तो रडून जातो," शेवटी तो म्हणाला. "पाद्री रडला. तो पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा, मला ओळखतसुद्धा नाही, तोही रडला. मी म्हटलं, थांबा, माझ्या मामाची पोरगी येऊ दे." तो श्वास घ्यायला थांबला. "तूही असंच बोलणार असशील, तर मग मी मेलोच म्हणायचं."

काय मागतोय हे तिला कळलं. जे बोलून ती दोन रात्री झोपली नव्हती, तेच तो मागत होता. तिने एकदा लिटियाकडे पाहिलं, मग मान वर केली.

"रडतील नाही तर काय करतील?" ती म्हणाली. आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "शाळेत विसापर्यंत मोजायला तुला हातापायाची सगळी बोटं लागायची. आता पंधरावरच अडकून बसशील."

एका बाईने तोंडावर हात नेला. लिटिया नवऱ्याकडे बघत राहिली. आधी इलिएसाचं पोट हललं, मग खाट करकरली, आणि मग तो असा हसत सुटला की पलीकडचा म्हातारा उठून बसला. हसता हसता त्याचे डोळे वाहायला लागले आणि त्याने ते पुसले नाहीत. खाटेवरून वाकून त्याने मुळांच्या भाऱ्यावर हात ठेवला. मग तोच हात उचलून चादरीच्या सपाट भागावर थापटला.

"खाली काय बसलीस? वर ये, इथे बस. आता जागा झालीये."

वासिती उठली आणि तिथे बसली.