दहातून एक

शाळा सुटली तेव्हा पहिलीच्या वर्गातून मुलांऐवजी एक लाकडी दांडा बाहेर आला. खैरनार बाईंनी तो दोन्ही हातांवर आडवा धरला होता. सारख्या अंतरावरच्या खाचांनी त्याचे दहा भाग पडले होते. त्यातल्या चौथ्या भागाला मी सकाळी जुईच्या केसांना लावलेल्या तेलाचा वास येत होता.

बाईंनी रोजच्याच आवाजात समजावलं. गणित हातात घेऊन शिकायचं असतं. चिंचोके झाले, मण्यांच्या माळा झाल्या, फरशीवर आखलेल्या संख्यारेषेवर उड्या मारून झाल्या, तरी काहींना दशक समजेना. आज नेमकी दहाच मुलं हजर होती. मग दहा सुटे दिले आणि एक दशक घेतलं.

"कुणाकडून घेतलं?" मी विचारलं.

"वर्गातल्या बँकेतून. घाबरू नका जुईची आई, पहिलीत होतंच हे."

बाकीचे पालक माना डोलावत होते. तिथेच मला शंका आली. इतक्या सहज कोण मान डोलावतं? विहानचे बाबा तर म्हणाले, आजची रात्र दांडा आमच्याकडे राहू दे, स्कूटरवर मावेल. विहान जुईच्या शेजारचा, पाचवा भाग होता. मी बाईंना दांडा मोडून द्यायला सांगितलं. त्या म्हणाल्या, दशक उगाच मोडत नाहीत, वजाबाकी आली तरच मोडतात.

"मग घाला वजाबाकी. दहातून एक काढा. माझी काढा."

"काढलेला परत मिळत नसतो," बाई म्हणाल्या. "घरी जातात ते उरलेले."

सगळे पालक दांड्याकडे थोडे सरकले. व्हरांडाही तेवढाच अरुंद झाला.

बाईंनी दांडा उजेडात फिरवला. चौथ्या भागावर केसाएवढी चीर होती.

"घरी उभी मांडणी शिकवलीत का हिला?"

शिकवली होती. मागे पडू नये म्हणून, रोज थोडीशी. मी म्हणाले, एकदाच.

"तरीच. दोन पद्धती एकदम आल्या की लाकूड चिरतं. इथून सहज निघेल."

विहानचे बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, राग मानू नका. ती तशीही सुटतच आलीय."

"तुमच्या विहानला अजून वीसच्या पुढे मोजता येत नाही," मी म्हणाले. "तुम्हीच सांगत होतात गेटवर."

"एकच भाग दाखवा," बाई म्हणाल्या. "दोन दाखवलेत तर आठ उरतील."

विहानच्या बाबांचा अंगठा चौथ्या भागावर केव्हाच टेकलेला होता. मी माझा पाचव्यावर दाबला. खालचं लाकूड गुदगुल्या झाल्यासारखं हललं.