लाल पट्ट्यांची लिली

बाबांकडे एक लिली होती. पांढऱ्या पाकळ्यांवर गडद लाल पट्टे, जणू कुणी कुंचला झटकलाय. सार्वजनिक बागेत माळी असताना ती त्यांना एका वाफ्यात सापडली आणि एकोणीस वर्षं त्यांनी तिला पोटच्या पोरीसारखं जपलं. आई होती तोवर त्या लिलीला सवत म्हणायची. पण ही सवत दरवर्षी खंगत चालली होती. शेवटी लसणाच्या गड्ड्याएवढा एकच कंद उरला, तेव्हा बाबांनी तो रुमालात गुंडाळून लेकीच्या हातात ठेवला.

"तुमच्या त्या बाटल्यांत एकाचे हजार होतात म्हणे. हिचे दहा कर, पुष्कळ झाले."

लेक टिश्यू कल्चरच्या लॅबमध्ये बारा वर्षं कंदच कापत होती. तिने कंदाचे खवले सोडवले, औषधाच्या पाण्यात धुतले, निर्जंतुक हवेच्या पेटीपुढे बसून त्यांचे तुकडे केले आणि बाटल्यांतल्या थलथलीत खाद्यावर ठेवले. दोन महिन्यांत तुकड्यांच्या बुडाशी वाटाण्याएवढे कंद धरले. तेही कापले. ऐंशी बाटल्या झाल्या.

मग तपासणीच्या मॅडमनी तिला बोलावलं.

"विषाणू आहे. एकूण एक बाटलीत."

"एखादी तरी..."

"अगं, आईच आजारी, तर पोरं कुठून धडधाकट निघणार? आणि ते पट्टे तुला काय वाटले? रोगाचेच ते. मूळ लाल रंग रोगाने खाल्ला, तेवढे पट्टे उरले."

मॅडमनी एवढीच सवलत दिली: कोंबाचं अगदी टोक, खसखशीच्या दाण्याहून लहान, तिथवर रोग सहसा पोचत नाही, तेवढं काढून घे. तिने सूक्ष्मदर्शकाखाली तीस टोकं काढली. बाकी सगळं स्वतःच्या हाताने ऑटोक्लेव्हमध्ये घालून उकळून टाकलं. तिसातली अठ्ठावीस टोकं काळी पडली. दोन जगली, निरोगी ठरली, आणि तीन वर्षांनी त्यांतल्या एकीला फूल आलं. एकजात लालभडक. पांढरा ठिपका औषधालाही नाही.

कुंडी घरी नेताना तिने वाटेत चार सबबी घोळवल्या. पण बाबांनी चष्मा पुसून "ही कुणाची?" असं विचारलं आणि तिच्या तोंडून खरं तेच निघालं.

बाबांनी कुंडीतलं एक पान उलटून पाहिलं. मग म्हणाले, "हा रोग पसरतो?"

"पसरतो. मावा पडतो ना, तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो."

"शेजारच्या वाफ्यात?"

"हो, बाबा."

"शेजारचा वाफा दाढीवाल्याकडे होता." दाढीवाला म्हणजे त्यांचा जोडीदार माळी. "त्याच्या लिल्यांची पानं वळायची, कळ्या गळायच्या. मी साहेबांना सांगितलं, हा कामचुकार आहे, पाणी घालत नाही. दोनदा सांगितलं. काढून टाकलं त्याला. जाताना म्हणाला होता, तुझ्या लाडकीतच काहीतरी खोट आहे. मी हसलो."

रविवारी त्यांनी लेकीला दाढीवाल्याकडे न्यायला लावलं. घर तिसऱ्या मजल्यावर. दार त्यानेच उघडलं. दाढी पार पिकली होती. बाबांनी उंबऱ्याबाहेर उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"झालं सांगून?"

"चुकलं माझं."

"त्यानंतर मला कुठल्या बागेने दारात उभं केलं नाही. अठरा वर्षं गोदामात पोती उचलली. कंबर कामातून गेली. आता तुला हलकं वाटावं म्हणून मी काय करू, ते सांग."

त्याने दार लावून घेतलं, आपटलंसुद्धा नाही.

जिना उतरताना लेक म्हणाली, "तुम्हाला तरी काय माहीत होतं, बाबा?"

बाबा वळणावर थांबले. कठडा धरून, खाली बघत म्हणाले, "शंका आली होती गं. त्याचा वाफा वाळायला लागला तेव्हाच आली होती. पण मग कंद उपटावा लागला असता."

लेकीने धरलेला त्यांचा हात सुटला. बाबा तसेच उभे राहिले. अजून दोन मजले उतरायचे होते. थोड्या वेळाने तिने पुन्हा त्यांच्या दंडाला धरलं आणि दोघं एकेक पायरी उतरू लागले.