पडद्यावरची फुली

"पहिल्या तारखेपासून मी काउंटर सोडतेय," चहा गाळता गाळता ताई म्हणाली. "मालकांना सांगून टाकलं. मागे बसून खोकी लावीन."

ताई औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. डॉक्टरांचं कसलंही गिचमिड अक्षर तिला लागतं. तिच्या चष्म्याचा नंबर मायनस अकरा. गेल्या महिन्यात तिने एकाच्या पुडीत भलतीच गोळी घातली होती. गिऱ्हाईक दाराबाहेर पडायच्या आत तिच्याच लक्षात आलं, तिने ती बदलूनही दिली. तरी ते तिच्या मनातून जाईना, आणि त्यात भर पडली आमच्या प्रयोगशाळेची.

आम्ही जाड चष्मेवाल्यांच्या मेंदूंची चित्रं घेत होतो. माणूस यंत्रात नुसता पडून असताना मेंदूचे कोणते भाग बरोबरीने चढतात-उतरतात, ते त्यांत दिसतं. तुलनेला चांगल्या नजरेच्या लोकांचा गट. ताईलाही मीच नेलं होतं. आलेखात चष्मेवाल्यांचे सगळे ठिपके खाली गेले: त्यांच्या मेंदूत बघण्याच्या भागाची लक्ष देणाऱ्या भागाशी सांगड सैल होती. कुठला ठिपका कुणाचा, हे सांगायचं नसतं. ताईने माझ्या लॅपटॉपकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे.

"सगळ्यात खालचा मी ना, बारके?"

मी "नाही" म्हणायला जरा उशीर केला.

तेव्हापासून किल्ली हरवली तरी ती कपाळावर बोट ठेवायची. "सैल आहे बाई इथे."

मला मात्र तो आलेखच खटकत होता. माणसांची मोजमापं एकमेकांत मिसळलेली असतात. इथे दोन गट भांडण झाल्यासारखे लांब उभे होते. पहिला संशय प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांवर गेला. नको ती चित्रं त्यांनी गाळली असतील का? ते जेवायला गेले की मी मूळ फायली उघडायचे. एकदा ते मध्येच परतले.

"काय, माझे खिसे तपासतेस?"

"तसं नाही, सर…"

"तपास, तपास. काही सापडलं तर मलाही दे अर्धं."

इतकं हसून बोलल्यावर माझा संशय दुप्पट झाला. पण एकही चित्र गाळलेलं नव्हतं. वयं जुळत होती, झोपेच्या नोंदी जुळत होत्या, यंत्र एकच. मग राहिली ती माणसं. त्यांतलं एक माणूस माझ्याच घरात भाजी चिरत होतं.

"ताई, यंत्रात असताना काय करत होतीस?"

"आता माझी उलटतपासणी का? पडून होते."

"आणि फुलीकडे बघत होतीस?"

"कुठली फुली?"

मी हातातली वाटी खाली ठेवली. राखाडी पडद्यावर बारीक पांढरी फुली असते. डोळे उघडे ठेवून तिच्याकडेच बघत राहायचं, ही सगळ्यांना दिलेली एकच सूचना.

"मला तर नुसतं धुकं दिसत होतं," ताई म्हणाली. "चष्मा तुमच्या त्या माणसाने दारातच ट्रेमध्ये काढून ठेवला होता. म्हटलं, लावतील फुली मागाहून. मग डोळे मिटले. छान गार होतं आत."

"अगं, सांगायचं नाहीस का?"

"तुम्ही विचारलंत, ठीक आहात का. ठीकच होते की."

यंत्रात धातू चालत नाही म्हणून चष्मे बाहेर, आणि लेन्सही नकोत, असा आमचा नियम होता. फुली नीट दिसते का, हे आम्ही स्वतः आत पडून पाहिलं होतं. आम्हा सगळ्यांची नजर चांगली. म्हणजे एक गट टक लावून बघत होता आणि दुसरा धुक्यात डुलक्या काढत होता; आणि डोळे उघडे की मिटलेले, याने तर ही सांगड हमखास बदलते.

सरांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. परिषदेतलं त्यांचं भाषण याच आलेखावर ठरलेलं होतं.

"मोजून दाखव," एवढंच म्हणाले.

प्लास्टिकच्या चौकटीत ज्याच्या त्याच्या नंबरची भिंगं बसवली. चष्मेवाल्यांना पुन्हा बोलावलं. आत जाताना ताईने बजावलं, "या वेळी फुली लावा हं." या खेपेला निम्म्याहून जास्त फरक गळून पडला. ताईचा ठिपका वर सरकून गर्दीत मिसळला. सरांनी भाषण मागे घेतलं. त्यांच्याबद्दलचा संशय मी त्यांना कधी सांगितला नाही. त्यांना तो ठाऊक असावा.

"निम्म्याहून जास्त," ताई म्हणाली. "म्हणजे थोडा उरलाच."

"उरला. तो नंबरामुळे आहे, की अजून काही आमच्या नजरेतून सुटलंय, माहीत नाही. पण तू गोळी चुकवशील की नाही, हे त्या ठिपक्यातून कुणालाच कळत नाही."

"मग ती चुकली कशी?"

"ते तू शोध. मी माझ्या सरांचे खिसे तपासले, तू तुझं कपाट तपास."

दुसऱ्या दिवशी तिने ते खरंच तपासलं. दोन वेगळ्या गोळ्या, सारखीच निळी खोकी, एकाच कप्प्यात शेजारी शेजारी. तिने एक खोकं वरच्या फळीवर हलवलं आणि मालकांना म्हणाली की खोकी लावायला दुसरं माणूस बघा.

पहिल्या तारखेला मी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन घशाची गोळी घ्यायला मुद्दाम गेले. ताई काउंटरवरच होती. तिने पुडी माझ्या हातात ठेवली. मी वळले.

"ए बारके, थांब. आण ती इकडे."

तिने पुडी उघडली, चष्म्याजवळ नेली, चिठ्ठीवरचं नाव वाचलं, गोळीवरचं वाचलं, मग माझ्याकडेही तसंच निरखून बघितलं.

"हं. जा आता."