ट्रॅक्टरचा पोळा

पेडगावात पहिला ट्रॅक्टर कुणाचा, हा प्रश्न माणिकरावांनी आपल्यापुरता सोडवून टाकला होता. परभणीला जाऊन त्यांनी नव्या ट्रॅक्टरसाठी नंबर लावला होता. तो कधी लागेल हे विकणाऱ्यालाही सांगता येत नव्हतं. पण पारावर बसून माणिकराव असे बोलायचे की ट्रॅक्टर निघालेलाच आहे, वाटेत कुठंतरी चहाला थांबलाय. हे ऐकून ऐकून व्यंकटरावांच्या पोटात दुखायला लागलं. दोघांची भावकी एक, शेताला शेत लागून. एकाच्या विहिरीला पाणी लागलं की दुसऱ्याला तहान लागायची.

तशात चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात व्यंकटराव मानवतला गेले होते. तिथं कळलं की एका जिनिंगच्या गोदामात निजामाच्या काळातला विलायती ट्रॅक्टर पडून आहे. बघायला काय जातंय, म्हणून ते गेले. असं म्हणून गेलेला माणूस कधी मोकळा परत येत नाही.

ट्रॅक्टर अंधारात उभा होता. मागची चाकं पुरुषभर उंच, धुराचं नळकांडं सरळ आभाळाकडं, लाल रंग उडून विटकरी झालेला. बसायच्या लोखंडी बैठकीत एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. व्यंकटरावांनी एक प्रदक्षिणा घातली. मग बैलाच्या बाजारात करतात तसं त्यांनी त्याच्या पुठ्ठ्यावर थाप मारली, खाली वाकून चाकं न्याहाळली, समोर उभं राहून तोंडाकडं टक लावून बघितलं. बैलाच्या अंगावर शोधतात तसला केसांचा वाईट भोवरा कुठं दिसला नाही.

"वय काय?" त्यांनी जिनिंगच्या मुनीमजीला विचारलं.

"तुमच्यापेक्षा माझ्यापेक्षा जास्त जग बघितलंय त्यानं," मुनीमजी म्हणाला. "नवे ट्रॅक्टर मनजे पत्र्याचे डबे. हा खानदानी माल हाय, व्यंकटराव. वजन बघा की!"

खानदानी म्हटल्यावर व्यंकटराव विरघळले. मुनीमजीला सरकी वाहायला बैलजोडी हवी होती, आणि व्यंकटरावांची हिऱ्या-पवळ्याची जोडी बाहेर लिंबाखाली गाडीला जुंपलेली उभी होती. दोघांनी रिवाजाप्रमाणं उपरण्याखाली हात घातले आणि एकमेकांची बोटं दाबली. बाजारात हे असं करतात, कारण बाजूच्या दलालाला सौदा कळू नये. इथं बाजूला फक्त कोंबडी होती.

हात उपरण्याबाहेर आले तेव्हा बैल जिनिंगचे झाले होते आणि ट्रॅक्टर व्यंकटरावांचा. सोबत आलेल्या सालगडी मुंजाजीनं जोडीच्या गळ्यातल्या घंटा सोडून घेतल्या. ह्या दोन बैलांना त्यानं वासरं असल्यापासून वाढवलं होतं. पवळ्यानं मान वळवून बघितलं. मुंजाजीनं बघितलं नाही.

जिनिंगच्या ड्रायव्हरनं ट्रॅक्टर पेडगावात आणून पोचवला आणि चार दिवस राहून व्यंकटरावांना चालवायला शिकवलं. ट्रॅक्टर पहिल्यांदा धडधडत वेशीतून आत आला तेव्हा सगळं गाव बाहेर आलं. माणिकरावही आले आणि काहीतरी विसरल्यासारखे लगेच घरी गेले. व्यंकटरावांच्या जिवाचं सोनं झालं. फक्त कडूबाई, त्यांची बायको, ट्रॅक्टरच्या मागं रस्त्याकडं बघत होती.

"बैल कुठं हायत?"

"अगं, हे बघ की आधी!"

"बघितलं. बैल कुठं हायत?"

त्यानंतर नवऱ्याशी ती कामापुरतंच बोलायला लागली. व्यंकटरावांना तेही बरं वाटलं, कारण ट्रॅक्टरकडं बघायला सवड लय लागायची. सकाळी उठून ते त्याच्यासमोर बाज टाकून बसत आणि जुन्या धोतराच्या फडक्यानं त्याचं एकेक अंग पुसत. चालू करायचा तर आधी थोडं पेट्रोल पाजायचं, पुढून हँडल मारायचं आणि पोट गरम झालं की रॉकेलवर घ्यायचं. पावसाळी गारठा असला तर त्याचे प्लग काढून चुलीत शेकावे लागत. ते कडूबाईच्या भाकरीशेजारी शेकले जात आणि मग दिवसभर भाकरीला रॉकेलचा वास यायचा. व्यंकटराव ती भाकरी प्रेमानं खात.

पाव्हणे यायला लागले. बोरीचे पाव्हणे तर मुद्दाम एसटीनं आले. व्यंकटराव त्यांना सांगत, "आवाज ऐका नुसता. असला ठोका नव्यात सापडायचा न्हाई." पाव्हणे डोळे मिटून ऐकत आणि चहा घेऊन जात. मृग बरसला तेव्हा ट्रॅक्टर काळ्या रानात एकदा उतरला, पोटापर्यंत रुतला आणि दोन दिवस तिथंच बसून राहिला. पेरणी शेवटी भाड्याच्या बैलांनी उरकली. पण पेरणी काय, कुणीही करतं.

अडचण आली ती पोळ्याला.

पेडगावच्या पोळ्याचा मान व्यंकटरावांच्या घराकडं होता. सजवलेली बैलं वेशीपाशी जमायची, वेशीला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असायचं आणि व्यंकटरावांची जोडी त्या तोरणाखालून गेल्याशिवाय गावातलं एकही बैल पुढं सरकायचं नाही. पुढं मारुतीच्या देवळासमोर मंगलाष्टकं म्हणून बैलांचं लग्न लावायचं. आज्यापासून चालत आलेला मान. त्या एका दिवसाच्या जोरावर व्यंकटराव उरलेलं वर्ष ताठ मानेनं चालायचे. दुसरा मान माणिकरावांचा होता. ज्याची जोडी तोरणाला आली नाही त्याचा मान कायमचा मागच्याकडं जातो, हा गावचा कायदा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी माणिकराव पारावर मोठ्यानं म्हणाले, "यंदा लय वाईट वाटायलंय. व्यंकटरावाकडं जोडीच न्हाई."

"जोडी कामून न्हाई?" व्यंकटराव कडाडले. "ट्रॅक्टरला दोन दिवे हायत, दोन मोठी चाकं हायत. शेती तेच करायलंय, तर मान बी त्याचाच!"

शेती तो कुठं करत होता, हे कुणी विचारलं नाही. पंचांनी बराच वेळ तंबाखू मळली आणि निकाल दिला. दारचं औत जो ओढतो त्याचा हा सण आहे. ट्रॅक्टर तोरणाखालून गेला तर मान व्यंकटरावांचा, सांजेपर्यंत नाही गेला तर माणिकरावांचा.

व्यंकटरावांनी रात्रीची झोप उडवून घेतली आणि सकाळी ट्रॅक्टर सजवायला घेतला. दोन दिव्यांवर दोन बाशिंगं बांधली. नळकांड्याला गोंडे लावले, नाकाशी घागरमाळ बांधली. आणि मग पेटीतून आज्याच्या वेळच्या जरीच्या झुली काढल्या. दोन्ही झुली एकीला एक शिवून त्यांनी ट्रॅक्टरचं तोंड, पोट, बरगड्या असं सगळं नीट झाकलं. नव्या नवरीसारखा नुसता. त्या झुलीखाली इंजिनाला श्वास घ्यायला बोटभर जागा उरली नाही, हे कुणाच्या लक्षात यावं? बैलाला कधी झुलीत गुदमरलेलं कुणी बघितलं नव्हतं.

दुपार कलली. वेशीपुढच्या अरुंद गल्लीत सगळ्यात पुढं ट्रॅक्टर, त्यावर गुलाबी फेट्यात व्यंकटराव, मागं माणिकरावांची जोडी आणि त्यामागं गावभरची बैलं. भटजींना यायला उशीर झाला. बंद केला तर परत चालू होईल याचा भरवसा नाही, म्हणून व्यंकटरावांनी तोपर्यंत ट्रॅक्टर धडधडत ठेवला. झुलीखालून वाफ यायला लागली.

"घाम आलाय त्याला," कुणीतरी कौतुकानं म्हणालं.

भटजी आले. ताशा वाजला. व्यंकटरावांनी गिअर टाकला, ट्रॅक्टर हातभर पुढं गेला, पोटातून एक मोठा उसासा टाकला आणि तोरणाच्या दहाएक पावलं अलीकडं गप्प झाला. बाशिंगं थरथरली आणि थांबली.

मुंजाजीनं हँडल मारलं. व्यंकटरावांनी मारलं. हँडल तसूभर हलेना. ऊन उतरायला लागलं. मागं बैलं फुरफुरायला लागली, कारण मानाशिवाय पुढं जायची सोय नव्हती आणि अरुंद गल्लीत मागं वळायची जागा नव्हती.

"बैलं लावा कुणाची तरी!" व्यंकटराव ओरडले.

"आज?" माणिकराव शांतपणे म्हणाले. "पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्याला जू लावू? असलं पाप मी तरी करणार न्हाई."

कुणीच करणार नव्हतं. माणसं लावावीत, तर जो तो आपापल्या बैलाचा कासरा धरून अडकलेला. असल्या वेळी ज्या वस्तीला हाक मारायची गावाला सवय होती, त्या वस्तीनं छप्पन्न साली दीक्षा घेतल्यापासून असल्या हाकांना ओ देणं सोडलं होतं. भटजी-ताशेवाले सोडले तर कासरा हातात नसलेली माणसं गल्लीत दोनच होती. एक व्यंकटराव आणि दुसरा मुंजाजी.

व्यंकटरावांनी तोरणाकडं बघितलं, मावळतीकडं बघितलं आणि ते खाली उतरले. मोटेचा जाड दोर, सोल, आणला, ट्रॅक्टरच्या नाकाला बांधला आणि दोन टोकं दोघांनी खांद्यावर घेतली. गल्लीला वेशीकडं थोडा उतार होता, तेवढीच देवाची मेहरबानी.

"पण सुकाणू कोण धरणार?" भटजींनी विचारलं. "वेशीला धडकला तर?"

माणिकरावांनी आपली जोडी धाकट्या भावाच्या हाती दिली, धोतर सावरलं आणि ते वर चढून ऐटीत बसले. "गावाचं काम हाय," ते म्हणाले. "मी धरतो."

दोघांनी सोल ओढला. फेटा सुटला, पाय घसरले, खांद्याची साल निघाली. वरून माणिकराव, सवयीनं असेल, जीभ टाळ्याला लावून टकटक करत होते. "हां हां! डाव्या अंगाला! डाव्या अंगाला!" आणि मुंजाजी, तोही सवयीनंच, डाव्या अंगाला वळत होता. तोरणाखालून जाताना एक पान गळून व्यंकटरावांच्या टाळूवर पडलं. पोळा फुटला. देवळासमोर पोचेस्तोवर भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली होती, आणि सोल खांद्यावर घेऊन उभ्या असलेल्या मालक-गड्यावर सगळ्या गावानं अक्षता टाकल्या.

"मान व्यंकटरावांचाच," पंच म्हणाले.

"अगदी," माणिकराव वरून म्हणाले. "पण पुढच्या सालीबी हीच जोडी आणायची बरं का."

ट्रॅक्टर तसाच ओढत घरापर्यंत न्यावा लागला. दारात कडूबाई तबक घेऊन उभी होती. लोखंडाला ओवाळणार नाही, असं तिनं सकाळीच बजावलं होतं, आणि ट्रॅक्टरकडं तिनं बघितलंही नाही. तिनं आधी मुंजाजीच्या आणि मग नवऱ्याच्या पायावर पाणी घातलं, दोघांना कुंकू लावलं आणि पुरणपोळीचा घास व्यंकटरावांच्या तोंडापुढं धरला.

व्यंकटराव कसंनुसं हसले. "थट्टा करायलीस व्हय? मान राखला ना घराचा?"

"थट्टा न्हाई," कडूबाई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "खा. यंदा तुमी कमावलाय. इतकी वर्षं त्यो मान त्या दोघांचा होता. तुमी नुसता कासरा धरून मागं चालायचे."

व्यंकटरावांनी घास तोंडात घेतला. जिनिंगच्या आवारात आज कुणी हिऱ्या-पवळ्याला पुरण खाऊ घातलं असेल का, असा विचार मनात आला. भर अंगणात त्यांना रडू फुटलं. जमलेली माणसं हळहळली. खांदा लय सोलला असंल, असं सगळ्यांना वाटलं.