दोन बोटांची वाट

शिंप्याच्या हातात कागद-पेन्सिल दिली की त्याची पंचाईत होते. गल्लीतल्या शिंपीमास्तरांचंही तेच. सदरा असो की बाग, बोटांना कापड लागल्याशिवाय त्यांचं डोकं चालत नसे. म्हणून त्या थंड डोंगरी गावात दर हिवाळ्यात, परसातली माती थंडीनं दगड झाली आणि दुकानात गिऱ्हाईक फिरकेनासं झालं, की ते कपाटातून एक जुनी तपकिरी चादर काढायचे आणि तिच्यावर पुढच्या हंगामाची बाग बेतायचे. एक हात जमिनीला एक बोट कापड, हे माप. हिरव्या चिंध्यांचा घेवडा, लाल अस्तराचे टोमॅटो, शाळेच्या गणवेशातून उरलेल्या निळ्या तुकड्यांचे वाटाणे. वाटाणे निळे कसे, असं कुणी विचारू नये. निळं कापड उरायचं, एवढंच.

मधोमध पांढऱ्या पट्टीची वाट असे, दोन बोटं रुंद. तिच्यावरून लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात कडाक्याचं भांडण झालं होतं. मास्तरांचं म्हणणं, माणसाला चालायला एक हात वाट पुष्कळ झाली, उरलेल्या जागेत भाजी होईल. नवी नवरी म्हणाली, "आणि मी काय तुमच्या मागून शेपटासारखी येऊ? जोडीनं चालता आलं पाहिजे." वाट दोन बोटं झाली ती कायमची. त्या रागात मास्तरांनी चादर उलट्या बाजूनं बेतली, डावं ते उजवं झालं आणि टोमॅटो जाऊन बसले भिंतीच्या सावलीत. हंगामभर दोघं जोडीनं चालत कच्चे टोमॅटो बघत राहिली. शिंप्याला गल्ली मास्तर म्हणायची, म्हणून ती आपोआप मास्तरीणबाई. पण टोमॅटोचा किस्सा फुटल्यावर खरा मास्तर कोण, हे गल्लीनं ओळखलं.

यंदा चादर दुकानातल्या टेबलावर नव्हती. ती मास्तरीणबाईंच्या पांघरुणावर पसरलेली होती, कारण बाईंना पलंगावरून उठवत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं होतं, की आता औषध फक्त दुखणं कमी करण्यापुरतं; उन्हाळा काही बाईंना दिसायचा नाही. मास्तरांनी हात जोडले. "तिला सांगू नका," एवढंच म्हणाले. मग उगाच सदऱ्याची बटणं काढून पुन्हा लावली, चेहऱ्याला इस्त्री केल्यासारखे आत गेले आणि बायकोला म्हणाले, "अशक्तपणा आहे म्हणे. थंडी सरली की बागेत हिंडशील."

या बाईपुढे त्यांची एकही थाप आजवर पचली नव्हती. ही एक तरी पचावी, असं त्यांना जिवाच्या आकांतानं वाटत होतं. ती बाग बेततेय तोवर तिला काही कळलेलं नाही, आणि कळलेलं नाही तोवर ती आहे, असं त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं. खुळेपणाच होता तो, पण त्याच्याच जोरावर ते सकाळी उठून चहा ठेवत होते.

त्या दुपारी खिडकीतलं ऊन पलंगावर आलं होतं. बाई उशीला टेकून बसल्या होत्या.

"दुधी नको यंदा," त्या म्हणाल्या.

"नको काय? तुला तर दुधी लागतोच."

"मांडव घालायला शिडीवर कोण चढणार? तुमचे गुडघे?"

मास्तरांनी दुध्याची चिंधी उचलली. बाईंनी टोमॅटो नळाजवळ आणले, म्हणजे बादल्या वाहायला नकोत. पालेभाजी स्वयंपाकघराच्या दाराशी सरकवली. घेवड्याचा तुकडा हातात घेऊन त्या जरा थांबल्या.

"हा कमी करू. शिरा काढत बसायचा तुम्हाला कंटाळा."

"मी कशाला काढतोय शिरा? तू आहेस की!"

बाईंनी तुकडा निम्मा दुमडला आणि परत ठेवला.

मास्तरांच्या खिशात एक गुलाबी तुकडा होता, बाईंच्याच जुन्या पोलक्याचा. तो कॉसमॉसचा. ती खांद्याला लागणारी फुलझाडं बाई दरवर्षी भांडून लावायच्या. यंदाही मागतील, जागेवरून वाद घालतील, म्हणून मास्तर दबा धरून बसले होते. शेवटी त्यांनीच विचारलं, "आणि तुझी फुलं?"

"फुलं राहू द्या. भाजीला पाणी पुरलं पाहिजे."

"फुलांशिवाय कसली बाग!" मास्तर एकदम भडकले. "जन्मभर माझ्या भाजीची जागा खाल्लीस, आणि यंदा मी आपण होऊन देतोय तर नको!"

"ओरडू नका. कात्री द्या."

मास्तर आपली कात्री कुणाच्या हाती देत नसत. पण दिली. बाईंच्या हातात ती जड होत होती. त्यांनी पांढरी पट्टी उचलली आणि मधोमध उभी कापायला घेतली. काप वाकडा जात होता, आणि मास्तरांना तो सरळ करून देण्याचं बळ नव्हतं. कापून झाल्यावर बाईंनी अर्धी पट्टी चादरीवर ठेवली आणि बोटानं सारखी केली.

"एकट्याला एक हात पुष्कळ झाली," त्या म्हणाल्या. "तुम्हीच म्हणाला होतात."

मास्तरांनी कापून उरलेली अर्धी पट्टी उचलून मुठीत धरली. मग त्यांनी विचारलं, "कुणी सांगितलं तुला?"

"कुणी कशाला सांगायला हवं? त्या दिवशी बाहेरच्या बाकावरून आत आलात, तेव्हा सदऱ्याची बटणं वरखाली लागली होती. तुमच्या सदऱ्याची! तेव्हाच ओळखलं मी."

मास्तर रडले. पांघरुणात तोंड खुपसून, लहान मुलासारखे हुंदके देत रडले. बाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "रडून घ्या. पण चादर भिजवू नका, काकडीची जागा ठरायचीय अजून."

काकडीची जागा ठरली. उरलेली अर्धी पट्टी मास्तरांच्या मुठीत होती.

"हिचं काय करू?"

"भाजी हवी होती ना तुम्हाला तिथं? घ्या एकदाची."

थंडी सरायच्या आत मास्तरीणबाई गेल्या.

माती मऊ झाल्यावर मास्तरांनी चादर परसात नेली, खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या. टोमॅटो नळाजवळ, पालेभाजी दाराशी, वाट एक हात. कुंपणापलीकडून शेजारीण बघत होती. वाटेलगतच्या लांब पट्ट्यात मास्तर गुडघे टेकून काहीतरी पेरत होते.

"मास्तर, तिथं काय, घेवडा का?"

"नाही," मास्तर म्हणाले. "ती तिची बाजू आहे."

भर उन्हाळ्यात कॉसमॉस मास्तरांच्या खांद्याला लागला. सकाळी ते बादली घेऊन निघाले की गुलाबी फुलं त्यांच्या बाहीला घासायची. तेवढ्या वाटेपुरते ते पाऊल हळू टाकत. बाईंना भरभर चालवत नसे.